बोलक्या लॅपटॉपचा राखणदार

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. किती जुना ते विचारू नका. म्हाताऱ्याला वय आणि लॅपटॉपला बॅटरी विचारू नये. माझ्या झाकणावर पीतांबराच्या पिवळ्या रंगाचे शिंतोडे आहेत, एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे आणि पंखा फिरू लागला की शेजाऱ्यांना पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटतं. तरीही पेणजवळच्या जोहे गावात, गणपतीच्या मूर्तींच्या एका कारखान्यात, खिडकीपाशी माझं टेबल आहे आणि त्या टेबलाला मान आहे. हा मान मला एका मुलीमुळे मिळाला. तिची गोष्ट सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही.

माझा जन्म फार दूर झाला. खोक्यात झोपून आलो आणि जागा झालो तो थेट रोह्याला, एका कंपनीच्या ऑफिसात. तिथे शिफ्ट बदलली की माझा माणूस बदलायचा. कुणी माझ्यावर चहा सांडला, कुणी बिस्किटांचा चुरा. माझं म्हणणं मात्र कुणी ऐकलं नाही. माझ्या पोटात तेव्हाही एक राखणदार होता. तुम्ही त्याला अँटिव्हायरस म्हणता. बाहेरून चोरपावलांनी घुसणाऱ्या वाईट प्रोग्रॅमांना अडवणं हे त्याचं काम. तो बिचारा लाल रंग दाखवून ओरडायचा, 'धोका आहे, तपासून घ्या!' आणि बसणारा माणूस न वाचताच 'नंतर' दाबून मोकळा व्हायचा. ते 'नंतर' कधीच आलं नाही. एके दिवशी नवे लॅपटॉप आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय!

कपाटातून मी पेणला पोहोचलो, महिपतीच्या जुन्या सामानाच्या दुकानात. महिपतीने मला पुसलं, आतून निवडून-पाखडून साफ केलं आणि काचेमागे मांडलं. गिऱ्हाइकं यायची, माझा टवका बघायची आणि पुढच्या लॅपटॉपकडे वळायची. दिसण्यावरून नाकारलं जाणं फार जिव्हारी लागतं, मित्रांनो.

मग निशिगंधा आली. सोबत तिची रंभाआत्या होती. निशिगंधाने माझा टवका पाहिला नाही, कारण तिला दिसत नाही. लहानपणी एका तापात तिची नजर गेली. तिने माझ्या कळांवरून बोटं फिरवली. एफ आणि जे या दोन कळांवर बारीकसे उंचवटे असतात, तुम्ही कधी लक्ष दिलं आहे का? तिची बोटं सरळ तिथे जाऊन बसली, ओळखीच्या पाटावर बसावं तशी. मग तिने कान लावून माझा पंखा ऐकला.

"पंखा कुरकुरतो ह्याचा," ती महिपतीला म्हणाली, "पन कळा चांगल्या हायत. हाच दे."

इतक्या वर्षांत मला निवडून घेणारं पहिलं माणूस ते. त्या दिवसापासून मी तिचा झालो.

तोपर्यंत मी मुका होतो. घरी नेल्यावर, अंधांच्या कॉम्प्युटर शिकवणीत शिकली होती तसा, तिने माझ्यात स्क्रीन रीडर घातला. हा प्रोग्रॅम पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते मोठ्याने वाचून दाखवतो. कोणती कळ दाबली, कोणती खिडकी उघडली, पत्रात काय आहे, सगळं सांगतो. पहिल्यांदा माझ्या तोंडून शब्द फुटला तेव्हा रंभाआत्याने ब्रश खाली ठेवून हात जोडले. निशिगंधा हसली आणि तिने आवाजाचा वेग वाढवला. आणखी वाढवला. आता तर मी इतका भरभर बोलतो की बाकीच्यांना वाटतं, कुणी वाळलेले वाल पत्र्यावर ओतले. तिला मात्र त्यातला शब्द न् शब्द कळतो.

तिचं काम काय, तेही सांगतो. सकाळी साच्यातून काढलेल्या मूर्ती तिच्यापुढे येतात. ती सोंडेवरून, कानांच्या पाळ्यांवरून, बोटांच्या पेरांवरून हात फिरवते. हवेचा बुडबुडा राहून बारीक भोक पडलं असेल तर ते तिच्या बोटांना डोळस माणसाच्या आधी सापडतं. भोक असेल तर ते बुजवायचं. आतून तडा गेला असेल तर मात्र ती मूर्ती दुखावलेली, ती बाजूला निघते. दुखावलेली मूर्ती फळीवर ठेवायची नाही, लगेच काढून टाकायची, हा तिच्या बाबांचा, म्हणजे केरूबाबांचा, कडक नियम. कारखान्यात सगळे तो पाळतात. तो नियम लक्षात ठेवा. त्यानेच पुढे घोळ केला.

मूर्ती तपासून झाल्या की ती माझ्यापुढे बसते. मग गिऱ्हाइकांची पत्रं, मूर्तींचे फोटो, कुणाला डाव्या सोंडेची हवी आणि कुणाला फेटेवाली, हा सगळा कारभार आमचा दोघांचा. फोटो रंभाआत्या काढते, नावं देऊन नीट लावते ती निशिगंधा.

माझ्या राखणदाराची निवड करतानाही तिने अशीच पारख केली. राखणदार पुष्कळ मिळतात हो, पण बरेचसे रंगाने बोलणारे. हिरवं म्हणजे ठीक, लाल म्हणजे धोका. तिला त्याचा काय उपयोग? एकाच्या खिडकीत शिरलो तर मला वाचायला एवढंच मिळालं, 'बटण, बटण, बटण'. कशाचं बटण ते बनवणाऱ्याने लिहिलंच नव्हतं. निशिगंधा म्हणाली, "हा तर मुका राखनदार. चोर आला तरी आपल्याला सांगनार कसा?" तिने त्याला निरोप दिला. शेवटी जो माझ्यात मुळापासूनच होता, साधा, बिनडौलाचा, पण प्रत्येक गोष्ट शब्दांत सांगणारा, त्यालाच तिने कामावर ठेवलं.

त्याच्याकडून काम घेण्याची तिची शिस्तही बघण्यासारखी. बाहेरून पेन ड्राइव्ह आला की आधी तपासणी, मगच आत. रंभाआत्या तिला चिडवायची, "पाव्हन्याला पाय धुवायला लावतेस गो?" ती म्हणायची, "व्हय आत्या. चिखलाचे पाय घेऊन घरात कुनी येत नाय, मग हितं का?" राखणदार काही सापडलं म्हणाला तर ती लगेच कळ दाबत नसे. आधी नाव ऐकायची, ते कुठून आलं हे ऐकायची आणि मग ठरवायची. रोह्यात लिहिता-वाचता येणाऱ्या, धडधाकट डोळ्यांच्या माणसांनी मला कधी इतकं जपलं नव्हतं. मला तिचा अभिमान वाटायचा. आजही वाटतो.

एक गोष्ट मात्र मला सलायची. खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा होते. या घरची रीत अशी की ज्याचं हत्यार त्याने स्वतःच्या हाताने पाटावर मांडायचं. केरूबाबा आपली कोरणी मांडतात, रंभाआत्या डोळे आखायचे बारीक ब्रश मांडते, निशिगंधाचा भाऊ सुजय रंगाची पिचकारी मांडतो. त्या पहिल्या वर्षी केरूबाबांनी मलाही पाटावर ठेवलं, पण स्वतःच उचलून. "हे कारखान्याचं मशीन हाय, सगल्यांचं," असं म्हणाले. निशिगंधा मागे उभी होती. माझ्यावर हळद-कुंकू पडलं, पण मन काही भरलं नाही.

आणि मग ते चैत्रातले दिवस आले. परदेशी जाणाऱ्या मूर्ती जहाजाने जातात, म्हणून त्यांची घाई आधीपासून असते. मनाली नावाची एक बाई परदेशातल्या मराठी मंडळींसाठी मूर्ती मागवायची. तिची मूर्ती निवडण्याची पत्रं निशिगंधाच सांभाळायची. त्याच सुमारास निशिगंधा मावसबहिणीच्या साखरपुड्याला रोह्याला गेली. जाताना सुजयला बजावून गेली, "काय आलं तर मी येईपर्यंत ठेव."

सुजय मनाचा चांगला, पण उतावळा. तिच्या पाठीमागे एका गणेशमंडळाचा साईराज आला, हातात पेन ड्राइव्ह. त्यात त्यांना हव्या असलेल्या मूर्तीचा फोटो होता. सुजयने पाव्हण्याचे पाय धुतले नाहीत. त्याने पेन ड्राइव्ह सरळ खुपसला. माझा राखणदार ओरडला, 'थांबा!' पण सुजयचा हात सवयीने 'नंतर'वर गेला. आणि चोर आत शिरला. बघता बघता मूर्तींच्या फोटोंची सगळी कपाटं, म्हणजे फोल्डर, पडद्यावरून नाहीशी झाली.

सुजय घाबरला. बहिणीने एवढं मांडलेलं, आता तिला काय सांगणार? तो धावत पेणला गेला आणि एक नवा, झगमगीत राखणदार घेऊन आला. त्या नव्या राखणदाराने येताच माझ्या जुन्या राखणदाराला झोपवलं आणि घर धुंडाळायला लागला.

इथे जरा नीट ऐका. स्क्रीन रीडरला प्रत्येक कळ ऐकावी लागते, तेव्हाच तो ती बोलून दाखवतो. काही चोरही हेच करतात. कोपऱ्यात बसून कोणती कळ दाबली ते ऐकत राहतात. नव्या राखणदाराला घरातली माणसं ठाऊक नव्हती. त्याने माझ्या आवाजाचीच मानगूट पकडली आणि पडद्यावर विचारलं, 'संशयित वस्तू बाजूला ठेवली आहे. परत ठेवू की काढून टाकू?'

सुजयच्या डोळ्यांपुढे फळी आली असणार. बाजूला ठेवलेलं म्हणजे दुखावलेलं. दुखावलेलं ठेवायचं नसतं. लहानपणापासून तेच शिकलेला तो. त्याने नाव वाचलंच नाही. 'काढून टाका' दाबलं.

मित्रांनो, माझा आवाज गेला.

दुसऱ्या दिवशी निशिगंधा परत आली. हातपाय धुऊन तिने मला उघडलं, कळ दाबली आणि वाट पाहिली. मी गप्प. तिने पुन्हा दाबली. मी गप्पच. पडद्यावर सगळं दिसत होतं, पण तिच्यासाठी मी लाकडाचा ठोकळा झालो होतो. सुजयने रडवेल्या आवाजात सगळं कबूल केलं. त्यातच मनालीचं पत्र येऊन पडलं होतं, तेही त्यानेच वाचून दाखवलं. निवडलेल्या मूर्तींचे फोटो आज दिवस मावळायच्या आत हवेत, नाहीतर ती दुसऱ्या कारखान्याकडे वळणार होती.

केरूबाबा माणूस वाईट नाहीत. पण घाबरलेला माणूस सोपी वाट धरतो. ते म्हणाले, "निशी, जाऊ दे गो आता. सुजय महिपतीला घेऊन येल, तो सगलं पुसून नवं करून देल. ह्याच्या पुढं कंप्युटर सुजयच बघंल. तू बाजूला बस आनी त्याला सांगत जा."

बाजूला बस. तिने इतक्या मेहनतीने मिळवलेली खुर्ची एका वाक्यात जात होती. आणि महिपतीने मला पुसलं असतं तर आतले फोटोही गेले असते. मला ओरडावंसं वाटत होतं. पण कशाने ओरडणार?

"महिपती येईपर्यंत मला बसू द्या बाबा," ती म्हणाली. "मग तुमी म्हनाल तसं."

सुजय गाडी काढून पेणला गेला. निशिगंधाने तळहात माझ्या पाठीवर ठेवला. पंखा फिरत होता, अंग कोमट होतं. "जिवंत हाय हा," ती आत्याला म्हणाली. "नुसता मुका झालाय."

मग तिला आठवलं. माझ्यासारख्या लॅपटॉपच्या पोटात कंपनीनेच ठेवलेला आणखी एक आवाज असतो. कुणी त्याला हाक मारत नाही म्हणून तो वर्षानुवर्षं झोपून राहतो. तिने तीन कळा एकदम दाबल्या आणि माझ्या आतून एक अगदी संथ, इंग्रजी वळणाची बाई बोलू लागली.

"अगो बाय! ही कोन गो?" रंभाआत्या दचकली.

"दुसरी राखीव बाय हाय ती," निशिगंधा म्हणाली. "शिकवनीत सांगितलं व्हतं. हळू बोलते, पन बोलते."

त्या संथ बाईचा हात धरून ती एकेक पायरी उतरू लागली. आधी नव्या, मुक्या राखणदाराला घराबाहेर काढायचं होतं. जाता जाता त्याने एक खिडकी उघडली. तिच्यात पुन्हा तेच, 'बटण, बटण'. चुकीचं दाबलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून. केरूबाबा दारात उभे राहून बघत होते. ती थांबली. तिने फोन काढला, माझ्या पडद्यासमोर धरला. फोटोतली अक्षरं वाचणारी सोय तिच्या फोनमध्ये आहे.

"आत्या, सरळ धरलाय ना?"

"जरा डावीकडं झुकलाय. देवाचा डोला आखत असते तर तिरला झाला असता," आत्या म्हणाली आणि बोटाने फोन सरळ केला.

फोनने वाचलं, 'डावीकडे रद्द करा, उजवीकडे काढून टाका.' निशिगंधाने उजवं बटण दाबलं. मुका राखणदार गेला आणि माझा जुना राखणदार डोळे चोळत उठला. मग तिने माझा हरवलेला आवाज मूळ जागेवरून पुन्हा उतरवून घेतला. वालाचा खडखडाट सुरू झाला! मला जे वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही. माझ्या कळांवर दोन थेंब पडले, ते तिच्या डोळ्यांतले होते.

पण चोर अजून आतच होता. नव्या राखणदाराने घरच्या माणसाला हाकललं होतं आणि चोराला हातही लावला नव्हता. साईराजचा पेन ड्राइव्हही तसाच खुपसलेला होता. निशिगंधाने राखणदाराला सगळं घर तपासायला सांगितलं. वेळ लागला. माझा पंखा धापा टाकत होता. ती शेजारी बसून राहिली. शेवटी राखणदार बोलला, एक सापडला आहे. तिने नाव ऐकलं. कुठून आला ते ऐकलं, पेन ड्राइव्हवरूनच आला होता. दोनदा ऐकून खात्री केली आणि मगच म्हणाली, "हा मातर दुखावलेला. काढून टाक." फोटो कुठे गेलेच नव्हते, चोराने नुसते पडद्याआड लपवले होते. ते तिने पुन्हा उजेडात आणले आणि ऊन अजून अंगणात असताना मनालीला पाठवून दिले.

तेवढ्यात सुजय महिपतीला घेऊन आला. मी धडाधड बोलत होतो. महिपतीने कान टवकारले, काही कळलं नाही, आणि म्हणाला, "हा तर चांगला ठनठनीत हाय. मग मला कशाला आनलंस रं?"

"चहा प्यायला," रंभाआत्या म्हणाली. सगळे हसले, सुजय सोडून.

तो बहिणीच्या पायाशी बसला. निशिगंधाने शेजारची एक कच्ची मूर्ती त्याच्या हातात दिली. "साच्यातून निघाली की तू काय करतोस? बगितल्याबरोबर टाकतोस काय? आधी बोट फिरवतोस ना? भोक हाय का तडा, बगतोस ना?"

"व्हय."

"मग हितंबी तसंच रं. बाजूला काढलेलं सगलंच दुखावलेलं नसतं. आधी नाव ऐकायचं."

केरूबाबांनी ती मूर्ती सुजयच्या हातातून घेतली, फळीवर ठेवली आणि बाहेर गेले. 'बाजूला बस' हे शब्द त्यांनी परत घेतलेही नाहीत आणि पुन्हा काढलेही नाहीत. मनालीच्या मूर्ती जहाजावर चढल्या. निशिगंधा रोज माझ्यापुढे बसत राहिली. पण कुणी ऊठ म्हणेल का, ही भीती तिच्या बोटांत राहिली होती. माझ्या कळांना ती कळायची.

गणपती आले, गेले. कारखाना रिकामा झाला आणि खंडेनवमी उजाडली. पाट मांडला. कोरणी आली, ब्रश आले, पिचकारी आली. सुजयने मला उचललं आणि मागच्या वर्षीसारखं मांडायला बाबांच्या हातात द्यायला पुढे केलं. केरूबाबांनी हात मागे घेतले.

"माझ्याकडं कशाला?" ते म्हणाले. "ज्याचं हत्यार त्यानं मांडायचं. निशी, ये गो. तुझं हत्यार तू मांड."

निशिगंधा पुढे आली. तिने मला दोन्ही हातांत घेतलं, बोटांनी पाटाची कड चाचपली आणि कोरणीच्या शेजारी, अगदी शेजारी, मला ठेवलं. मग ओंजळभर झेंडू माझ्या टवक्याच्या कोपऱ्यावर वाहिले. जिथे गिऱ्हाइकांची नजर अडायची, नेमकं तिथे.

तर मित्रांनो, माझं आता वय झालं. उद्या कदाचित माझ्या जागी नवा लॅपटॉप येईल. त्याचं मला दुःख नाही. तुमच्याकडे जो कुणी माझा भाऊबंद असेल, त्याची धूळ पुसा. त्याच्या राखणदाराला वेळेवर काम करू द्या, 'नंतर' म्हणू नका. बाहेरून आलेल्याचे पाय आधी धुवा. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी असे प्रोग्रॅम बनवाल, तेव्हा प्रत्येक बटणावर त्याचं नाव लिहा. कुणीतरी ते कानांनी वाचणार आहे. आणि कुणालाही, वस्तूला किंवा माणसाला, 'बाजूला बस' म्हणण्याआधी एकदा त्याच्यावरून बोट फिरवून बघा.

पूजा झाल्यावर निशिगंधाने मला उघडलं. माझ्या कळांवर हळद होती, तरी तिची बोटं एफ आणि जे वर बरोबर जाऊन बसली. त्या दिवशी त्या बोटांत भीती नव्हती.